मागे उरलेल्यांचा प्रश्न

१९४८च्या फेब्रुवारीत गांधीजी सेवाग्रामला येणार होते. ऑगस्ट १९४६मध्ये इथून ते दिल्लीला गेले ते गेलेच. तिथून नोआखाली, बिहार, कलकत्ता, पुन्हा दिल्ली. देशाच्या फाळणीचं रक्त पुसत फिरणाऱ्या या माणसाला वर्ध्याजवळच्या आपल्या कुटीत परतायला दीड वर्षात सवड मिळाली नव्हती. आता ती मिळेल असं दिसत होतं. खादी, ग्रामोद्योग, नयी तालीम, गोसेवा, हरिजनसेवा अशा कामांत आयुष्य घातलेले देशभरातले रचनात्मक कार्यकर्ते सेवाग्रामात जमणार होते. स्वराज्य आलं होतं, ओळखीची माणसं मंत्री झाली होती. आता या संस्थांनी काय करायचं आणि सरकारशी नातं कसं ठेवायचं, हे बापूंच्या समोर बसून ठरवायचं होतं. २९ जानेवारीला त्यांनी दिल्लीत एक मसुदा लिहिला. काँग्रेस विसर्जित करून तिचं लोकसेवक संघात रूपांतर करावं, असा त्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रार्थनेला जाताना त्यांचा खून झाला.

बैठक पुढे ढकलली गेली. ती झाली मार्चमध्ये, सेवाग्रामातच. बापूंच्या पुढ्यात बसून जे ठरवायचं होतं ते आता बापूंशिवाय ठरवायचं होतं.

नेत्यानं संकटात आपल्या माणसांना कसं सावरावं, यावर आज पुष्कळ बोललं जातं. कंपन्या त्यासाठी शिबिरं घेतात, वक्ते बोलावतात. पण संकट म्हणजे नेत्याचंच जाणं असेल, तेव्हा सावरणारा कोण? वर्धा जिल्ह्यावर हा प्रसंग पुन्हा पुन्हा आला. १९४२मध्ये जमनालाल बजाज गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नेत्यांची सगळी फळी एका रात्रीत तुरुंगात गेली. १९४८मध्ये गांधीजी, १९८२मध्ये विनोबा भावे. दर वेळी मागे उरलेल्यांनी काहीतरी केलं, आणि ते काय केलं हे मला त्या मोठ्या माणसांच्या चरित्रांइतकंच महत्त्वाचं वाटतं. सेवाग्रामला येणारा प्रवासी बापू कुटीतल्या वस्तू पाहतो, साप पकडायचा चिमटा आणि पेटी पाहतो, व्हाइसरॉयशी बोलता यावं म्हणून बसवलेला टेलिफोन पाहतो. त्या अंगणात मार्च १९४८मध्ये बसलेली माणसं कोणत्या अवस्थेत होती, हे सांगणारी पाटी तिथे सहसा डोळ्यांत भरत नाही.

आधी जमनालालजींचं पाहू, कारण १९४८चा धडा १९४२मध्येच गिरवून झाला होता.

जमनालाल बजाज हे वर्ध्याचे शेठ. राजस्थानातल्या सीकरजवळच्या खेड्यात जन्मलेला मुलगा वर्ध्याच्या बच्छराजांच्या घरी दत्तक आला. १९२०च्या नागपूर काँग्रेसच्या वेळी त्यानं गांधीजींकडे मागणं मागितलं की मला तुमचा पाचवा मुलगा माना. विनोबा १९२१मध्ये वर्ध्याला आले ते जमनालालजींच्या आग्रहामुळे. लक्ष्मीनारायण मंदिर १९२८मध्ये अस्पृश्यांना खुलं झालं ते त्यांनी केलं म्हणून. ग्रामोद्योग संघाला मगनवाडी मिळाली ती त्यांच्याकडून, आणि ज्या सेगावचं पुढे सेवाग्राम झालं तिथली जमीनही त्यांचीच. थोडक्यात, वर्ध्यातल्या जवळजवळ प्रत्येक संस्थेचा खर्च, जागा, माणसांची सोय आणि माणसांचे रुसवेफुगवे हे सगळं या एका माणसाच्या अंगावर होतं. शेवटच्या महिन्यांत त्यांनी सगळा व्याप बाजूला सारून गोसेवा संघ काढला आणि गोपुरीत झोपडीत राहू लागले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते अचानक गेले. वय ५२.

गांधीजी सेवाग्रामहून तातडीनं वर्ध्याला आले. जमनालालजींच्या पत्नी जानकीदेवी सती जाण्याची भाषा करत होत्या. त्यांना गांधीजींनी जे सांगितलं त्यात सांत्वन फार थोडं होतं. नवऱ्याचं अपुरं काम हातात घे, स्वतःला त्या कामाला वाहून टाक, असं ते सांगणं होतं. जानकीदेवींनी आपली खासगी मालमत्ता गोसेवेला देऊन टाकली आणि ते काम अंगावर घेतलं. हे आज वाचताना कठोर वाटतं. नवरा जाऊन काही तास झालेत, आणि हा माणूस कामाचं बोलतो! पण जानकीदेवी पुढे तीन दशकांहून अधिक काळ जगल्या, कूपदानासाठी गावोगाव हिंडल्या, भूदानात विनोबांबरोबर चालल्या. त्यांना त्या दिवशी कुणी नुसतं थोपटून गप्प केलं असतं तर काय झालं असतं, हे कुणी सांगू शकत नाही. जे झालं ते मात्र समोर आहे.

त्याहून विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट. गांधीजींनी जमनालालजींच्या मित्रांना पत्रं पाठवून २० फेब्रुवारीला वर्ध्याला बोलावलं. शोकसभा घेण्याचा त्यात विचार नव्हता. जमनालालजींच्या कामांची यादी केली होती. गोसेवा, खादी, ग्रामोद्योग, नयी तालीम, महिला सेवा, हरिजनसेवा, राष्ट्रभाषा, संस्थानी प्रजेचा प्रश्न. यातलं कोण काय उचलणार, एवढाच प्रश्न होता. एका माणसाची जागा दुसऱ्या एका माणसानं भरायची नाही, कामाचे वाटे करायचे, आणि ज्याला दुःख झालंय त्यानंच एकेक वाटा घ्यायचा. ज्या माणसाला आपला मुलगा गेला असं वाटत होतं, त्यानं नऊ दिवसांत हे मांडलं. मला या यादीत गांधीजींचा शोक दिसतो. त्यांना रडायला दुसरी जागा नव्हती.

हे त्यांना जमलं त्यामागे सेगावातली रोजची घडण होती. ३० एप्रिल १९३६ला ते त्या खेड्यात आले तेव्हा तिथे रस्ता नव्हता, हिवताप होता, पावसाळ्यात चिखल होता. त्यांना स्वतःला त्या वर्षी हिवतापानं वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात जावं लागलं. आश्रमात आजारी माणसांची कमतरता कधीच नव्हती आणि त्यांची विचारपूस हा बापूंच्या दिनक्रमाचा ठरलेला भाग होता. कुणाला एनिमा द्यायचा, कुणाला किती दूध, कुणाच्या पोटावर मातीची पट्टी, यावर ते काँग्रेसच्या ठरावाइतकेच बारकाईनं बोलत. परचुरे शास्त्री कुष्ठरोगानं खंगून आश्रमाच्या दाराशी आले तेव्हा त्यांना ठेवून घेतलं, जवळ कुटी बांधून दिली, आणि गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करत. त्या काळी कुष्ठरोगावर आजच्यासारखं औषध नव्हतं. आश्रमातले लोक घाबरणं स्वाभाविक होतं. त्यांची भीती व्याख्यान देऊन घालवता आली नसती. रोज सकाळी मालिश करणारे हात सगळ्यांना दिसत होते, तेवढं पुरलं.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. याच माणसानं आपल्या सर्वांत जवळच्या सहकाऱ्याला झिजवलं. महादेवभाई देसाई काही काळ मगनवाडीत राहत आणि पाचेक मैलांवरच्या सेगावला रोज पायी जा-ये करत. विदर्भातल्या मे महिन्याचं ऊन ज्यानं सोसलंय त्याला यातलं काय ते कळेल. रक्तदाब वाढला, चक्कर येऊ लागली. १९३८मध्ये गांधी सेवा संघाच्या ओडिशातल्या डेलांगच्या अधिवेशनाच्या वेळी कस्तुरबा आणि महादेवभाईंच्या पत्नी दुर्गाबेन जगन्नाथपुरीच्या मंदिरात जाऊन आल्या. हरिजनांना बंद असलेल्या मंदिरात आपली माणसं गेली याचा गांधीजींना भयंकर धक्का बसला आणि त्यांनी दोष महादेवभाईंवरही ठेवला. महादेवभाईंनी सोडून जाण्याची तयारी दाखवली. गांधीजींनी जाऊ दिलं नाही. १५ ऑगस्ट १९४२ला आगाखान पॅलेसच्या कैदेत महादेवभाई गेले, पन्नाशीतच. माणसांना सांभाळणारा नेता त्याच माणसांना किती वापरून घेतो, याचा हिशेब गांधीजींच्या बाबतीतही मांडायला हवा. तो मांडला तर महादेवभाईंच्या खात्यावर बाकी राहते असंच मला वाटतं.

'छोडो भारत'चा मसुदा १४ जुलै १९४२ला वर्ध्यातच काँग्रेस कार्यकारिणीनं मंजूर केला होता. ९ ऑगस्टच्या पहाटे सगळे पकडले गेले. गांधीजी पुण्यात, विनोबा आधी वेल्लोरच्या आणि मग सिवनीच्या तुरुंगात. सांगायला वर कुणी उरलं नाही. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत लोक झेंडा घेऊन पोलीस ठाण्यावर गेले. गोळीबार झाला, माणसं मेली, चिडलेल्या जमावानं पोलिसांनाही मारलं. त्याच दिवशी शेजारच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमूरलाही असंच घडलं, आणि मग तिथे लष्कर घुसलं, बायकांवर अत्याचार झाले. तेव्हा सेवाग्रामात उरलेल्यांपैकी एक होते प्राध्यापक भन्साळी. चिमूरच्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून त्यांनी उपास सुरू केला. तो ६३ दिवस चालला, शेवटी सरकारला तडजोड करावी लागली. भन्साळींना कुणी आज्ञा दिली नव्हती. विचारायचं म्हटलं तरी विचारणार कुणाला? या उपासाबद्दल महाराष्ट्रात फारच कमी बोललं जातं. नेत्यानं माणसं कशी तयार केली होती हे बघायचं तर नेता नसलेल्या त्या महिन्यांकडे बघावं लागतं.

सुटून आल्यावर १९४४मध्ये गांधीजींनी सेवाग्रामात चरखा संघाच्या लोकांना बसवून घेतलं आणि जवळजवळ दोन दशकांच्या कमाईवर प्रश्नचिन्ह लावलं. दुकानांतून खादी विकून स्वराज्य येत नाही, माणसानं स्वतः कातलं पाहिजे. तुमचा यावर विश्वास नसेल तर संघ बंद करा, असं त्यांनी थेट म्हटलं. त्या बैठकांमध्ये श्रीकृष्णदास जाजूंसारखे हिशेबी आणि सच्चे माणूस होते. हजारो कातणाऱ्या बायकांची मजुरी त्या दुकानांवर चालत होती, ही त्यांची काळजी खोटी नव्हती. खादी घेताना काही सूत द्यावं लागेल, असा नियम पुढे आला आणि विक्री घसरली. गांधीजी संस्था उभी करत आणि वेळ आली की तीच हलवत. १९३३मध्ये साबरमतीचा आश्रम मोडला, १९४०मध्ये मालिकांदाला गांधी सेवा संघ आवरायला लावला. सहकाऱ्यांना याचा त्रास होई. पण संस्थेच्या आडोशाला फार दिवस बसू द्यायचं नाही, ही त्यांची रीतच होती.

आता मार्च १९४८.

३० जानेवारीची बातमी विनोबांना वर्ध्याजवळच्या पवनारला, त्यांच्या आश्रमात कळली. पहिले एकदोन दिवस ते शांत होते. मग सेवाग्रामच्या प्रार्थनेत बोलताना त्यांना अश्रू आवरेनात. विनोबांसारखा कोरडा वाटणारा माणूस सगळ्यांदेखत रडला, ही त्या आश्रमासाठी मोठी सुटका असणार. १२ फेब्रुवारीला पवनारला धाम नदीत अस्थी विसर्जित झाल्या. तोवर महाराष्ट्रात दुसरीच आग पेटली होती. मारेकरी मराठी ब्राह्मण होता म्हणून ठिकठिकाणी ब्राह्मणांची घरं जाळली गेली. विनोबा स्वतः कोकणातल्या गागोद्याचे भावे. ज्यांच्यावर हल्ले होत होते त्यांचे ते जातभाई, आणि ज्यांनी हल्ले केले त्यातले कितीतरी गांधींचा जयजयकार करत आलेले. या वातावरणात ११ ते १५ मार्चला सेवाग्रामात माणसं जमली.

कोण नव्हतं? अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद. जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, आचार्य कृपलानी, जयप्रकाश नारायण, झाकीर हुसेन, जे. सी. कुमारप्पा, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, शंकरराव देव, दादा धर्माधिकारी, आशादेवी आणि आर्यनायकम. सरदार पटेल येऊ शकले नाहीत, त्यांना ५ मार्चलाच हृदयविकाराचा झटका आला होता. पंतप्रधान येणार म्हणून ज्या आश्रमाला कधी कुंपणाची गरज पडली नव्हती तिथे पोलीस आले. काहींना ते फार लागलं. पण सहा आठवड्यांपूर्वी प्रार्थनासभेत काय झालं होतं हे आठवलं की बंदोबस्त करणाऱ्यांनाही दोष देता येत नाही.

जमलेल्यांत सारखेपणा नव्हता. नेहरूंच्या मनात निर्वासितांच्या छावण्या होत्या, लाखो लोक उघड्यावर होते आणि त्यांना तिथे हात हवे होते. कुमारप्पांना सरकारचं अर्थकारण गांधींच्या उलट दिशेनं जाताना दिसत होतं. जयप्रकाश तर समाजवाद्यांबरोबर काँग्रेसमधून बाहेर पडण्याच्या उंबरठ्यावर होते. झाकीर हुसेन एका घाबरलेल्या समाजाचं दुःख घेऊन आले होते. आणि आश्रमांतून, विद्यालयांतून, चरखा केंद्रांतून आलेल्या साध्या कार्यकर्त्यांचा प्रश्न अगदी साधा होता. उद्या पत्र कुणाला लिहायचं? इतकी वर्षं अडलं की सेवाग्रामला पोस्टकार्ड टाकायचं आणि त्या ओळखीच्या अक्षरातलं उत्तर यायचं.

असा समुदाय जमला की एक गोष्ट हमखास घडते. सगळ्यांच्या नजरा वारस शोधू लागतात. इथे त्या विनोबांकडे वळल्या. १९४०च्या वैयक्तिक सत्याग्रहात गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांनाच निवडलं होतं. विनोबांनी ती जागा घेतली नाही. ते बोलले ते उलट आपल्या माणसांची झाडाझडती घेणारं होतं. ज्या प्रांतात ही द्वेषाची संघटना जन्मली त्याच प्रांतातला मी आहे, असं सांगून त्यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाबद्दल परखड शब्द वापरले आणि साध्याच्या नावाखाली साधनाची चाड सोडण्याबद्दल इशारा दिला. दुःखानं एकत्र आलेल्या लोकांना 'चूक सगळी बाहेरच्यांची' हे ऐकायला आवडतं. विनोबांनी बोट आपल्याच घराकडे वळवलं.

मग संघटनेची चर्चा झाली. गांधीजींच्या नावाचा एखादा मजबूत संघ काढावा, शिस्त असावी, नियम असावेत, असं अनेकांना मनापासून वाटत होतं. वाटणारच. बाप गेल्यावर घराची कडी आतून लावावीशी वाटते. विनोबांनी याला विरोध केला. गांधींच्या नावानं पंथ उभा राहील, त्या पंथात कोण अस्सल आणि कोण नक्कल याची भांडणं सुरू होतील, हा त्यांचा धोक्याचा इशारा होता. शेवटी दोन गोष्टी झाल्या. एक सर्वोदय समाज. रस्किनच्या पुस्तकाचा सारांश करताना गांधीजींनी योजलेला शब्द नावासाठी घेतला, त्यांचं स्वतःचं नाव घेतलं नाही. या समाजाला कडक घटना नाही, हुकूम देणारा कुणी नाही. ज्यांना ही मूल्यं पटतात ते एकमेकांचे, आणि वर्षातून एकदा भेटायचं. दुसरी, विखुरलेल्या रचनात्मक संस्थांना जोडणारा सर्व सेवा संघ.

या निर्णयाचं मोल मला पुढच्या काही महिन्यांत दिसतं. नेहरूंच्या बोलावण्यावरून विनोबा मार्चअखेर दिल्लीला गेले. निर्वासितांच्या छावण्यांत फिरले, आणि मग मेवातमध्ये मेव मुसलमानांना त्यांच्या घरी, त्यांच्या शेतावर परत वसवण्याच्या कामात सहा महिने घातले. गांधीजींच्या हत्येनंतर गांधींच्या सर्वांत जवळच्या माणसानं कुठे जावं, याचं याहून अचूक उत्तर मला सुचत नाही. इकडे वर्ध्यात मशरूवाला दम्यानं धापा टाकत बसून गांधीजींचं 'हरिजन' साप्ताहिक चालवू लागले. एप्रिल १९४८पासून १९५२मध्ये मृत्यू येईपर्यंत ते संपादक होते, आणि सरकारवर टीका करताना त्यांनी जुनी मैत्री आड येऊ दिली नाही. कुमारप्पा पुढे जिल्ह्यातल्याच सेलडोहला पन्नई आश्रम काढून शेतीत उतरले. आशादेवी आणि आर्यनायकम नयी तालीमच्या शाळेत राहिले. हत्येच्या वेळी बहावलपूरच्या कामावर असलेल्या, गांधीजींच्या डॉक्टर सुशीला नायर पुढे शिकायला अमेरिकेत गेल्या, मंत्री झाल्या, आणि सेवाग्रामात त्यांनीच १९४०च्या दशकात सुरू केलेल्या छोट्या कस्तुरबा दवाखान्याच्या जागी १९६९मध्ये त्यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. आज विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून रोगी तिथे येतात. एकेका माणसानं एकेक वाटा उचलला, १९४२च्या त्या यादीसारखाच, फक्त या वेळी यादी करून द्यायला कुणी नव्हतं.

मार्च १९५१मध्ये विनोबा सर्वोदय संमेलनासाठी हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला पायी निघाले. परतीला तेलंगणातून गेले, १८ एप्रिलला पोचमपल्लीत दलितांनी ८० एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केली. भूदानाचा तो सगळा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. इथे एवढंच नोंदवायचं की हा प्रवास मूळ सहकाऱ्यांच्या वार्षिक भेटीला जाण्यासाठी होता. भेटीचं एक निमित्त १९४८मध्ये ठरवून ठेवलं होतं, म्हणून तो रस्ता फुटला.

विनोबांच्या या सैल रचनेची खरी परीक्षा मात्र १९७४मध्ये झाली, आणि तिथे ती उतरली नाही असं माझं मत आहे. ज्या जयप्रकाशांनी १९५४मध्ये बोधगयेला जीवनदान केलं होतं तेच आता बिहारच्या विद्यार्थी आंदोलनाच्या पुढे उभे होते. सर्व सेवा संघातले बहुतेक जण त्यांच्यामागे होते. सिद्धराज ढड्ढा, नारायण देसाई, वर्ध्याचेच ठाकूरदास बंग. विनोबांना सत्तेविरुद्धचा असा संघर्ष मान्य नव्हता, आणि निर्मला देशपांडे यांच्यासारखे काही जण त्यांच्या बाजूला. संघाचे निर्णय सर्वसंमतीनं व्हायचे, त्यामुळे बहुमतानं तोडगा काढायची सोयच नव्हती. १९७४च्या जुलैत संघ फुटायच्या बेतात आला तेव्हा विनोबांनी वाट काढली. सत्य, अहिंसा आणि संयम पाळून ज्याला ज्या कामात जायचंय त्यानं जावं, कुणी कुणाला अडवू नये. फूट टळली. पण २५ डिसेंबरला विनोबांनी वर्षभराचं मौन धरलं. १९७५च्या मार्चमध्ये पवनारला पुन्हा सगळे बसले, काही जुळलं नाही, आणि विनोबांच्या बाजूचे लोक राजीनामे देऊन बाहेर पडले.

जूनमध्ये आणीबाणी आली. बंग यांच्यासारखे कितीतरी जण तुरुंगात गेले. मौनातल्या विनोबांचे 'अनुशासन पर्व' हे दोन लिहिलेले शब्द सरकारनं देशभर मिरवले. मौन सुटल्यावर त्यांनी खुलासा केला की अनुशासन आचार्यांचं असतं, सत्ताधाऱ्यांचं असतं ते शासन. जानेवारी १९७६मध्ये पवनारला आचार्यांचं संमेलन झालं, देश पूर्वपदावर आणावा असं तिथे सांगितलं गेलं. जूनमध्ये गोहत्याबंदीसाठीच्या उपासाची घोषणा छापली म्हणून पवनारच्याच 'मैत्री' मासिकाचे अंक पोलिसांनी जप्त केले. हे सगळं खरं आहे, आणि विनोबांना सरकारी संत म्हणणाऱ्यांनी ते विसरू नये. पण तुरुंगात गेलेल्या सहकाऱ्याला त्या सहा महिन्यांत पवनारहून ज्या एका शब्दाची गरज होती, तो आला नाही. १९४८मध्ये विनोबांचं मागे सरणं सगळ्यांना मोकळं करणारं होतं. १९७५मध्ये त्याच मागे सरण्यानं माणसं एकटी पडली. पहिल्या वेळी माणसं दुःखी होती, दुसऱ्या वेळी ती आपसात फाटलेली होती. दुःखी माणसाला काम आणि मोकळीक पुरते. भांडणात अडकलेल्यांना, ज्याच्यावर दोघांचंही प्रेम आहे अशा कुणीतरी समोर बसून बोलावं लागतं. ती वेदना वर्ध्याच्या जुन्या कार्यकर्त्यांच्या घरांतून नंतरही बरीच वर्षं गेली नाही.

तरीही विनोबांनी एक जागा अशी करून ठेवली होती की जिथे त्यांच्या जाण्यानं काही अडणार नव्हतं. २५ मार्च १९५९ला पवनारला ब्रह्मविद्या मंदिर सुरू झालं, ते मुख्यतः बहिणींसाठी. विनोबा तेव्हा पदयात्रेत होते आणि पुढची अनेक वर्षं ते तिथे राहायला आलेच नाहीत. आश्रमाला प्रमुख नाही, सचिव नाही. स्वयंपाक, शेती, झाडलोट, छपाई ही कामं वाटून घ्यायची. निर्णय सर्वांच्या संमतीनं. स्वतःचा गुरू दूर असताना या बायकांनी एकमेकींशी जुळवून घ्यायला शिकावं, हे विनोबांनी हेतुपुरस्सर घडू दिलं असावं. पुढे ते पवनारला परतले तरी कारभारात शिरले नाहीत.

नोव्हेंबर १९८२मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न, पाणी, औषध थांबवलं. देशभरातून माणसं पवनारला लोटली, इंदिरा गांधीही येऊन गेल्या. औषध घ्या म्हणून विनवण्या झाल्या. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या अमावास्येला, ते गेले. आश्रमातल्या बहिणींनी आठवडाभर ते शांतपणे पाहिलं, हट्ट धरला नाही. त्यानंतर वारस कोण, पुढचा कारभारी कोण, ही चर्चा तिथे उभी राहिली नाही, कारण राहायला जागाच नव्हती. प्रार्थना, शेत, रसोडं आणि 'मैत्री'चा पुढचा अंक, सगळं आधी होतं तसंच वाटलेलं होतं.

नागपूरहून वर्ध्याकडे येताना धाम नदीच्या पुलावरून हा आश्रम दिसतो. बहिणींची संख्या आता कमी झाली आहे आणि वयं वाढली आहेत. नव्या तरुण मुली राहायला येणं दुर्मीळ झालंय. नोकरी, शिक्षण, शहर यांच्या ओढीपुढे ब्रह्मचर्य आणि श्रमाचं हे जीवन निवडणारी मुलगी आज कुठून मिळणार? बाहेरच्या हितचिंतकांना वाटतं की कुणीतरी एक जबाबदार व्यक्ती नेमावी, पुढची आखणी करावी. तसं ठरवायचं असेल तर तेही आश्रमातल्या सगळ्या बहिणींना मान्य व्हावं लागेल. एखादीला नसेल पटलं, तर विषय बाजूला ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं, असाच तिथला रिवाज आहे.